बॅकस्लॅश जोडीने वाचायचा: एस्केप केलेले डिलिमिटर रेगेक्सने कसे पकडायचे

मागे एकदा माझ्याकडे एक सेटिंगची फाइल आली होती, त्यात डबल कोटमध्ये फोल्डरचे पाथ लिहिलेले, एका ओळीत दोन-दोन, आणि मला फक्त ते पाथ बाहेर काढायचे होते. ओळी अशा होत्या:

    "डी:\\फोटो\\", "ई:\\गाणी"

त्यासाठी एक रेगेक्स, म्हणजे हव्या त्या मजकुराचा साचा सांगणारा पॅटर्न, लिहिला, पाच-सहा ओळींवर चालवून बघितला, बरोबर आला म्हणून पूर्ण फाइलवर लावला. आणि मग ज्या ओळीत पाथच्या अगदी शेवटी बॅकस्लॅश होता तिथून पुढे सगळंच एक घर सरकलं, म्हणजे कोटच्या आतलं बाहेर आणि बाहेरचं आत, पाथच्या ऐवजी स्वल्पविराम आणि स्पेस हाती यायला लागले. एरर एकही नाही. कारण शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली, पण त्या दिवशी जे कळलं ते इतकं साधं आहे की रेगेक्स शिकणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी दोन शब्द. डिलिमिटर म्हणजे हद्द दाखवणारं चिन्ह. स्ट्रिंग (कोटमधला मजकूर) कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे डबल कोट सांगतो, सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलमध्ये) एक रकाना कुठे संपला हे स्वल्पविराम सांगतो, आणि बऱ्याच भाषांमध्ये खुद्द रेगेक्सची हद्द स्लॅश सांगतो. अडचण कधी येते, तर हद्दीचं चिन्हच मजकुराच्या आत लिहायचं असतं तेव्हा. मग त्याच्या आधी बॅकस्लॅश टाकतात, म्हणजे "पुढचं कॅरॅक्टर हद्द समजू नकोस, मजकूर समज" अशी खूण. यालाच एस्केप करणं म्हणतात. बॅकस्लॅश हे चिन्ह कॉम्प्युटरच्या दुनियेत तसं उशिरा आलं, बॉब बेमर यांनी १९६१ मध्ये ते कॅरॅक्टर सेटसाठी सुचवलं आणि आस्की या कॅरॅक्टरच्या प्रमाणित यादीत त्याला ९२ नंबर मिळाला. पण आता एक नवीन प्रश्न: मजकुरात खराखुरा बॅकस्लॅश हवा असेल तर? तर त्यालाही एस्केप करायचं, म्हणून दोन बॅकस्लॅश. सगळी गंमत आणि सगळा त्रास या शेवटच्या वाक्यात आहे.

आता आपण सगळे साधारण कोणत्या वाटेने जातो ते बघू. पहिला प्रयत्न असतो हा:

    ".*"

कोट, मग काहीही, मग कोट (टिंब म्हणजे कुठलंही एक कॅरॅक्टर, तारा म्हणजे ते कितीही वेळा). हा ग्रीडी आहे, म्हणजे जमेल तेवढं खातो, त्यामुळे ओळीत दोन स्ट्रिंग असतील तर पहिलीच्या सुरुवातीपासून दुसरीच्या शेवटापर्यंत सगळं एकच समजतो. मग कुणीतरी सांगतं की प्रश्नचिन्ह लाव, लेझी कर म्हणजे कमीत कमी खाईल, किंवा त्याहून बरं म्हणजे हे लिही:

    "[^"]*"

म्हणजे कोट सोडून काहीही कितीही वेळा. एस्केप नसेल तर हा पॅटर्न एकदम बरोबर आहे, यापेक्षा जास्त काही लागत नाही. पण समोर हे आलं की संपलं:

    "तो म्हणाला \"ये\" आणि गेला"

इथे `"तो म्हणाला \"` एवढंच हाती येतं, कारण पॅटर्नच्या दृष्टीने कोट तो कोट, त्याच्या आधी काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

मग डोक्यात येतं की ठीक आहे, बंद करणाऱ्या कोटच्या आधी बॅकस्लॅश नसावा एवढी अट घालू. लुकबिहाइंड नावाची सोय आहेच, ती मागे वळून बघते पण काही खात नाही:

    "(.*?)(?<!\\)"

हा पॅटर्न फार फसवा आहे आणि मी लावला होता तो हाच. वरच्या "तो म्हणाला" वाक्यावर अगदी बरोबर चालतो. फोल्डरच्या पाथवर मात्र चुकतो, आणि का चुकतो ते नीट बघा. `"डी:\\फोटो\\"` या स्ट्रिंगमध्ये शेवटी दोन बॅकस्लॅश आहेत. पहिला दुसऱ्याला एस्केप करतोय, दोघांचं मिळून एक खरा बॅकस्लॅश होतो, आणि त्यानंतरचा कोट हा खरोखरचा बंद करणारा कोट आहे. पण लुकबिहाइंड काय बघतं, तर फक्त एक घर मागे. तिथे त्याला बॅकस्लॅश दिसतो, ते म्हणतं हा कोट एस्केप केलेला आहे, आणि पुढे निघून जातं ते थेट दुसऱ्या पाथच्या सुरुवातीच्या कोटपर्यंत. तो सुरुवातीचा कोट शेवटचा म्हणून वापरला गेला की तिथून पुढे प्रत्येक कोटची भूमिका उलटी होते.

म्हणजे कोटच्या आधी बॅकस्लॅश आहे का हा प्रश्नच चुकीचा. खरा प्रश्न असा की आधी लागोपाठ किती बॅकस्लॅश आहेत, सम की विषम. विषम असतील तर कोट एस्केप केलेला, सम असतील (शून्यसुद्धा सम धरा) तर कोट खरा. हे लुकबिहाइंडने लिहिताही येतं, `(?<!\\)(?:\\\\)*"` असं, म्हणजे आधी बॅकस्लॅश नाही, मग बॅकस्लॅशच्या जोड्या, मग कोट. चालतं. पण मला ही वाट आवडत नाही, एक तर वाचणाऱ्याला थांबून मोजावं लागतं, आणि दुसरं म्हणजे लुकबिहाइंड सगळीकडे नसतं, गो भाषेच्या रेगेक्समध्ये नाही, रस्टच्या नेहमीच्या रेगेक्स लायब्ररीत नाही, सफारी ब्राउझरमध्ये तर ते १६.४ व्हर्जनपासून म्हणजे मार्च २०२३ मध्ये आलं.

मुळात मागे वळून बघायची गरजच का पडते? कारण आपण बॅकस्लॅश पाहिला आणि त्याला मजकूर समजून पुढे गेलो, त्याचं काय करायचं ते कोटपाशी पोचल्यावर आठवलं. त्याऐवजी डावीकडून वाचत जा आणि बॅकस्लॅश दिसला की त्याच क्षणी त्याच्या पुढचं एक कॅरॅक्टर, मग ते काहीही असो, त्याच्यासकट उचला. दोघं एका घासात. जोडीने खाल्लेलं कॅरॅक्टर पुन्हा कुणी विचारात घ्यायचं नाही. असं केलं की सम-विषम मोजायचा प्रश्नच उरत नाही, कारण दोन बॅकस्लॅश आले की ती एक पूर्ण जोडी झाली, संपली, पुढचा कोट मोकळा राहिला. रेगेक्समध्ये हे असं लिहितात:

    "(?:[^"\\]|\\.)*"

मधल्या कंसात (`?:` म्हणजे फक्त गट, उभी रेघ म्हणजे "किंवा") दोनच पर्याय आहेत. एक, असं कॅरॅक्टर जे कोटही नाही आणि बॅकस्लॅशही नाही. दोन, बॅकस्लॅश आणि त्याच्या मागोमाग कुठलंही एक कॅरॅक्टर. (पॅटर्नमध्ये दोन बॅकस्लॅश दिसतायत कारण रेगेक्समध्येही बॅकस्लॅश खास आहे, दोन लिहिले की एक खरा बॅकस्लॅश.) आता एक छोटी स्ट्रिंग घेऊन बोट ठेवून वाचू:

    "अ\"ब\\"

मोजून आठ कॅरॅक्टर. पहिला कोट सुरुवातीचा. मग अ, तो पहिल्या पर्यायात बसतो. मग बॅकस्लॅश, पहिला पर्याय त्याला घेत नाही, दुसरा घेतो आणि पुढचा कोटही सोबत घेऊन जातो. मग ब, पहिला पर्याय. मग बॅकस्लॅश, पुन्हा दुसरा पर्याय, आणि यावेळी सोबत जातो तो सातवा कॅरॅक्टर, दुसरा बॅकस्लॅश. आता आठवा, कोट. पहिला पर्याय कोट घेत नाही, दुसऱ्याला सुरुवातीला बॅकस्लॅश लागतो, दोन्ही नाही म्हणतात, म्हणून ताऱ्याचा लूप थांबतो आणि तो कोट बंद करणारा ठरतो. कुठल्याही क्षणी इंजिनापुढे, म्हणजे पॅटर्न चालवणाऱ्या प्रोग्रामपुढे, दोन वाटा नव्हत्या, आणि या पॅटर्नची खरी ताकद हीच आहे.

आता बरेच जण हाच पॅटर्न थोडा बदलून लिहितात आणि तिथे पुन्हा पडतात, म्हणून ते बदल बघायलाच हवेत. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे चौकटी कंसातून बॅकस्लॅश काढून टाकणं:

    "(?:\\.|[^"])*"

वाटतं की जोडीवाला पर्याय आधी लिहिलाय ना, मग बॅकस्लॅश तिकडेच जाणार. बहुतेक वेळा जातोही. पण स्ट्रिंग बंदच केलेली नसेल, समजा मजकूर फक्त `"अ\"` एवढाच आहे, तर काय होतं? इंजिन आधी जोडी खातं, मग बंद करणारा कोट शोधतं, तो सापडत नाही, मग ते मागे येतं (यालाच बॅकट्रॅकिंग म्हणतात) आणि म्हणतं बरं, बॅकस्लॅश दुसऱ्या पर्यायात बसतोय का बघू, तो कोट नाही म्हणजे बसतो! मग उरलेला कोट बंद करणारा झाला आणि जे मॅच व्हायलाच नको होतं ते मॅच झालं. पर्यायांचा क्रम उलटा केला तर आणखी वाईट, `[^"]` आधी असेल तर तो बॅकस्लॅश लगेच गिळतो आणि बंद केलेल्या चांगल्या स्ट्रिंगसुद्धा मध्येच तुटतात. क्रमावर भरवसा ठेवायचाच नाही, दोन्ही पर्याय एकमेकांच्या हद्दीत येणारच नाहीत असे लिहायचे.

दुसरी चूक वेगाच्या नादात होते. एकेक कॅरॅक्टर घेण्यापेक्षा एकदम घोसच्या घोस घेऊ म्हणून आत अधिकचं चिन्ह टाकतात:

    "(?:[^"\\]+|\\.)*"

बरोबर स्ट्रिंगवर हा छान पळतो. पण बंद करणारा कोट नसला की लूपच्या आत लूप झाल्यामुळे तोच मजकूर किती तऱ्हेने तुकड्यात पाडता येईल ते सगळं इंजिन करून बघायला लागतं, एक तुकडा, दोन तुकडे, इथून तोडून, तिथून तोडून. ३० अक्षरांच्या साध्या मजकुराचे असे तुकडे पाडायच्या तऱ्हा २ चा २९ वा घात, म्हणजे ५३ कोटींच्या वर. वाईटात वाईट केसमध्ये तेवढ्या सगळ्या तपासल्या जातात आणि प्रोग्राम अडकून बसतो. हे फक्त पुस्तकातलं नाही, २ जुलै २०१९ ला वेबसाइटना सर्व्हर आणि सुरक्षा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या एका फायरवॉल नियमातल्या रेगेक्समुळे असंच बेसुमार बॅकट्रॅकिंग झालं, जगभरातल्या त्यांच्या सर्व्हरचे सीपीयू भरून गेले आणि साधारण २७ मिनिटं असंख्य वेबसाइट उघडत नव्हत्या. तो पॅटर्न वेगळा होता, पण रोग हाच.

वेग हवाच असेल तर त्याची योग्य पद्धत आहे, तिला अनरोलिंग द लूप म्हणतात, लूप उलगडून लिहिणं:

    "[^"\\]*(?:\\.[^"\\]*)*"

आधी साध्या कॅरॅक्टरचा घोस, मग जोडी आणि तिच्यामागे पुन्हा घोस, असं कितीही वेळा. इथेही लूपच्या आत लूप आहे, पण बाहेरच्या लूपचा प्रत्येक फेरा बॅकस्लॅशनेच सुरू होतो आणि आतला घोस बॅकस्लॅशला हात लावत नाही, त्यामुळे मजकूर तोडायची एकच तऱ्हा उरते. मी मोठ्या फाइलसाठी हाच वापरतो. जावामध्ये तर याचं आणखी एक कारण आहे, तिथलं इंजिन पर्यायांचा लूप फिरवताना स्वतःलाच आत आत बोलावत जातं, त्यामुळे काही हजार अक्षरांची स्ट्रिंग आली की साधा पॅटर्न स्टॅक (अशा बोलावण्यांसाठी राखलेली मेमरी) संपवू शकतो.

नव्या ओळीचंही एक आहे. टिंब नवीन ओळीचं कॅरॅक्टर घेत नाही, पण `[^"\\]` घेतो, कारण ते कोटही नाही आणि बॅकस्लॅशही नाही. त्यामुळे ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश टाकून स्ट्रिंग पुढच्या ओळीवर नेलेली असेल तर ती डॉटऑल फ्लॅग (टिंबाने नवी ओळही घ्यावी अशी सेटिंग) लावल्याशिवाय पकडली जात नाही, आणि उलट कुणी कोट बंद करायला विसरलं असेल तर पॅटर्न खालच्या ओळी गिळत गिळत पुढच्या कोटपर्यंत जातो. दोन्हीपैकी तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा.

आणि देवनागरीचं काय, असा प्रश्न आपल्याला पडणारच. बॅकस्लॅशच्या पुढे "ति" असेल तर टिंब फक्त त उचलतं, वेलांटी मागे राहते, कारण युनिकोडमध्ये ते दोन वेगळे कोड आहेत. पण काही बिघडत नाही, वेलांटी ना कोट आहे ना बॅकस्लॅश, ती पुढच्या फेऱ्यात पहिल्या पर्यायात जाते. इंजिन बाइटवर चालत असेल तरी हरकत नाही, यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत) देवनागरीचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याच्या वरचा असतो, ९२ कधीच नाही. जुन्या शिफ्ट-जिस या जपानी एन्कोडिंगमध्ये मात्र काही अक्षरांचा दुसरा बाइट नेमका ९२ असतो, आणि तिथे बाइट मोजणारे प्रोग्राम अक्षराच्या अर्ध्या भागाला बॅकस्लॅश समजायचे. यूटीएफ-८ ने आपल्याला त्यातून वाचवलंय.

सगळीकडे बॅकस्लॅशच असतो असं नाही. सीएसव्हीमध्ये आणि एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत चिन्ह दुप्पट लिहायची पद्धत आहे. सीएसव्हीचा जो लिखित नियम आहे, २००५ चा आरएफसी ४१८०, त्यात कोटच्या आत कोट हवा असेल तर दोन कोट लिहायचे असं म्हटलंय. पॅटर्न तसाच, फक्त जोडी बदलली:

    "(?:[^"]|"")*"

इथे मात्र अर्धवट स्ट्रिंगची काळजी जास्त घ्यावी लागते, कारण `"अ""` असा तुटका मजकूर आला तर बॅकट्रॅकिंग जोडी फोडून पहिला कोट शेवटचा ठरवतं. ते थांबवायला ताऱ्यानंतर अधिकचं चिन्ह लावून पझेसिव्ह करायचं, म्हणजे एकदा खाल्लेलं परत द्यायचं नाही. जावा आणि पीएचपीमध्ये हे आधीपासून आहे, पायथनमध्ये ३.११ पासून. तेवढ्यानेही पूर्ण भागत नाही, कारण इंजिन हरलं की एक घर पुढे सरकून मधल्याच कोटपासून नवा शोध सुरू करतं, म्हणून मागचा मॅच जिथे संपला तिथूनच पुढचा सुरू झाला पाहिजे अशी सक्ती करावी लागते, जावास्क्रिप्टमध्ये त्याला स्टिकी फ्लॅग म्हणतात.

आता स्ट्रिंगऐवजी रकाने. समजा ओळ आहे `लाल\,पिवळा,निळा` आणि त्यातून दोनच रकाने निघायला हवेत. लोक स्प्लिट (मजकूर तोडणारं फंक्शन) वापरतात आणि स्प्लिटमध्ये लुकबिहाइंड घालतात, आणि रकान्याच्या शेवटी खरा बॅकस्लॅश आला की तीच पाथवाली गत. इथे तोडू नका, उचला. ओळीच्या सुरुवातीला स्वतःच एक स्वल्पविराम चिकटवा आणि मग हा पॅटर्न पुन्हा पुन्हा लावा:

    ,((?:[^,\\]|\\.)*)

सुरुवातीचा स्वल्पविराम का, तर त्यामुळे प्रत्येक रकान्याचा मॅच निदान एका कॅरॅक्टरचा होतो. रिकामे रकाने मग नीट येतात, नाहीतर रिकाम्या मॅचवर वेगवेगळी इंजिनं वेगवेगळं वागतात आणि पहिलाच रकाना रिकामा असेल तर दुसरा गायब होऊ शकतो.

उचलून झालं की एस्केप काढायचे असतात, आणि इथेही जोडीचाच नियम. कितीतरी कोडमध्ये मी दोन रिप्लेस एकामागे एक लिहिलेले पाहिलेत, एक बॅकस्लॅश-एनची नवी ओळ करतो आणि दुसरा दोन बॅकस्लॅशचा एक करतो. आता मजकुरात दोन बॅकस्लॅश आणि मग एन आहे, म्हणजे लिहिणाऱ्याला खरा बॅकस्लॅश आणि साधं एन हवंय. नव्या ओळीचा रिप्लेस आधी चालवला तर दुसरा बॅकस्लॅश आणि एन मिळून नवी ओळ होते. क्रम बदलला तर आधी दोनाचा एक होतो आणि मग उरलेल्या बॅकस्लॅश-एनची नवी ओळ होते. कुठलाही क्रम घ्या, उत्तर चूकच. एकाच फेरीत `\\(.)` शोधायचं आणि प्रत्येक जोडीसाठी, कंसात काय सापडलं ते बघून, काय टाकायचं ते एका छोट्या फंक्शनने ठरवायचं.

रेगेक्सची स्वतःची हद्द हाही याचाच भाग. जावास्क्रिप्ट आणि पर्ल या भाषा आणि सेड हा मजकूर बदलणारा प्रोग्राम यांच्यात पॅटर्न दोन स्लॅशच्या मध्ये असतो, मग पाथ शोधायचा झाला की `/\/घर\/फोटो\//` असली काड्यांची रांग उभी राहते, पर्लवाल्यांनी याला कललेल्या टूथपिकांचा आजार असं नावच दिलंय. पर्ल, पीएचपी आणि सेडमध्ये डिलिमिटर बदलता येतो, सेडमध्ये एस या बदलायच्या कमांडनंतर जे कॅरॅक्टर येईल तेच डिलिमिटर होतं. फक्त जे रेगेक्समध्ये खास आहे ते घेऊ नका, उभी रेघ डिलिमिटर केली तर "किंवा" कसं लिहिणार? मी हॅश घेतो. चौकटी कंसातल्या स्लॅशबद्दल भाषांचं एकमत नाही, जावास्क्रिप्टला `/[/]/` चालतं, पीएचपीला चालत नाही, कारण पीएचपी आधी नुसता डिलिमिटर शोधतं आणि पॅटर्नचा अर्थ नंतर लावतं. आणि जावास्क्रिप्टला रेगेक्स कुठे संपला हे कसं कळतं? बॅकस्लॅश दिसला की पुढचं कॅरॅक्टर सोबत घ्या, चौकटी कंस उघडला की तो बंद होईपर्यंत स्लॅश मोजू नका. आपण कोटसाठी केलं तेच.

वर आणखी एक थर असतो, भाषेच्या स्ट्रिंगचा. जावामध्ये आपला पॅटर्न स्ट्रिंग म्हणून लिहिला की तो असा दिसतो:

    "\"(?:[^\"\\\\]|\\\\.)*\""

अकरा बॅकस्लॅश, मूळ पॅटर्नमध्ये चारच होते. इथे डोळ्यांनी मोजत बसू नका, आधी पॅटर्न कागदावर साधा लिहा आणि मग प्रत्येक बॅकस्लॅश आणि प्रत्येक कोटच्या आधी एकेक बॅकस्लॅश घाला. पायथनमध्ये रॉ स्ट्रिंग आहे, गोमध्ये बॅकटिकमधली स्ट्रिंग आहे, दोन्हींत बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो, ती वापरा. पायथनच्या रॉ स्ट्रिंगचा शेवट मात्र एका बॅकस्लॅशने करता येत नाही, कारण स्ट्रिंग कुठे संपली हे शोधताना पायथनसुद्धा बॅकस्लॅश आणि पुढचा कोट जोडीनेच उचलतो.

जेसन (डेटा लिहायचा एक फॉर्मॅट) किंवा सीएसव्हीसाठी तयार पार्सर, म्हणजे ते वाचून देणारी लायब्ररी, असेल तर तोच घ्या, कंसात कंस असला तर रेगेक्सच्या मागे लागूच नका. पण लॉग, सेटिंगच्या जुन्या फाइल, एडिटरमधलं शोधा-बदला, इथे पॅटर्न लिहावाच लागतो, आणि लिहिला की मी त्याला पाच मजकूर खाऊ घालतो. `""` मधून रिकामी स्ट्रिंग यायला हवी. `"\""` मधून एक कोट. `"\\"` मधून एक बॅकस्लॅश, लुकबिहाइंडवाला इथे पडतो. `"\\\""` मधून एक बॅकस्लॅश आणि एक कोट. आणि पाचवा `"\"`, तीनच कॅरॅक्टर, यावर काहीही मॅच व्हायला नको. इथे मॅच सापडला तर चौकटी कंसात बॅकस्लॅश लिहायचा राहिलाय का ते आधी बघा.